वाचकांचे प्रश्न : शेडमध्ये बांधायचं एकआसनी विमान

मागच्या अंकात एका साध्या एकआसनी विमानाची ओळख करून दिली होती. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा सांगाडा, कापड चढवलेले पंख, नाकाशी २८ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि शेपटाखाली छोटं चाक. पंखांचा विस्तार ८.२ मीटर, पंखाची रुंदी म्हणजे कॉर्ड १.३५ मीटर, रिकामं वजन १२१ किलो. त्यावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातली काही घेतली आहेत. खालची गणितं याच विमानाची आहेत.

सातपूरहून : आमच्या ओळीत ॲल्युमिनियम खिडक्यांची दुकानं आहेत. चौकोनी पाइप हवा त्या मापात मिळतो आणि विमानाच्या पाइपच्या मानाने फारच स्वस्त पडतो. हाताने वाकवून पाहिला, तितकाच ताठ वाटतो. चालेल का?

नाही, आणि तो का ताठ वाटतो ते नीट समजून घ्या. खिडक्यांचा सेक्शन बहुधा ६०६३ मिश्रधातूचा असतो, दुकानदार त्याला एचई-९ म्हणतात. विमानाच्या आराखड्यात ६०६१-टी६ मागितलेला असतो, जुन्या भाषेत एचई-२०. दोन्हींची घनता सारखी आणि लवचीकपणाही सारखा. त्यामुळे हाताने दाबून, हलवून, टोकाला लटकून पाहिलंत तरी फरक कळणार नाही. फरक कायमचं वाकण्याच्या वेळी दिसतो. ६०६१-टी६ साधारण २७५ मेगापास्कलपर्यंत टिकतो, खिडकीचा ६०६३-टी५ साधारण १४५ ला माघार घेतो. निम्मा.

‘टी६’ हे शेपूटही तितकंच महत्त्वाचं. तोच ६०६१ उष्णसंस्कार न केलेला असेल तर खिडकीच्या पाइपपेक्षाही मऊ निघतो. म्हणून बिलासोबत ॲल्युमिनियमच्या कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट घ्या, त्यावर मिश्रधातू, टेम्पर (टी५, टी६ वगैरे) आणि हीट नंबर म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक आहे का पाहा, आणि तोच हीट नंबर पाइपवर किंवा बंडलच्या टॅगवर आहे याची खात्री करा. तरी मन खात असेल तर त्याच पाइपचा तुकडा अंबड-सातपूरच्या एखाद्या मटेरियल टेस्टिंग लॅबला द्या. ब्रिनेल कडकपणा ६०६१-टी६ चा ९५ च्या आसपास येतो, ६०६३-टी५ चा ६० च्या आसपास. गोंधळाला जागाच नाही.

याच पत्रात वेल्डिंगचंही विचारलं आहे. टिग वेल्डिंग कितीही देखणं असलं तरी शिवणीलगतचा पट्टा तापून टी६ राहत नाही, ताकद जवळपास अर्ध्यावर येते. म्हणून हा सांगाडा गसेट प्लेट (जोडावर बसवायची पट्टी), रिव्हेट आणि बोल्टने जोडतात. पातळ भिंतीच्या चौकोनी पाइपमधून आरपार बोल्ट घालून आवळला की भिंत आत बसते. तिथे आत नळीचा स्पेसर घाला आणि मगच आवळा. भोकाच्या मध्यापासून पाइपच्या कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवा: ४.७६ मिलिमीटरच्या बोल्टला साडेनऊ. भोक थोडं कमी मापाचं पाडून रीमरने पुरं करा, बर म्हणजे कडेची खरखर काढा. पाइपवरचा आडवा ओरखडा पुढे तडा होतो, तो लांबीच्या दिशेने बारीक कागद मारून घालवावा.

नाशिकरोडहून : एएन बोल्ट (विमानासाठीच्या अमेरिकी मानकाचे) बाहेरून मागवावे लागतात. बाजारातला ८.८ ग्रेडचा बोल्ट ताकदीला तेवढाच आहे असं आमचा फिटर म्हणतो.

फिटर चूक नाही. ओढून तोडायची ताकद ८.८ ची ८०० मेगापास्कल, एएन बोल्टची ८६० च्या आसपास. मेख आहे ती आट्यांत. बाजारातल्या बोल्टला बऱ्याचदा टोकापासून डोक्यापर्यंत आटे असतात, आणि विमानातला बोल्ट बहुतेक ठिकाणी कात्रीसारखा कापला जायच्या बेतात असतो. एएन-३ चा गुळगुळीत दांडा ४.७६ मिलिमीटरचा, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १७.८ चौरस मिलिमीटर. आट्यांच्या तळाशी तेच पावणेबारा उरतं. भार आट्यांवर आला की एक तृतीयांश ताकद गेली. शिवाय आटे भोकाची भिंत कानशीसारखी घासतात आणि भोक लांबट होतं.

त्यामुळे गुळगुळीत भागाची लांबी जोडाच्या जाडीइतकी हवी. थोडी जास्त असेल तर वॉशर घाला, पण कमी असलेला बोल्ट वापरू नका. नटाबाहेर एक ते तीन आटे दिसले पाहिजेत. एएन-३ ला २.३ ते २.८ न्यूटन-मीटर आवळणी पुरे, सायकलचा पाना लावून अंगात येऊन आवळू नका. जो जोड हलतो, फिरतो, तिथे नायलॉक नट नको. तिथे कॅसल नट आणि स्प्लिट पिनच. आणि ‘अजून मजबूत’ म्हणून १२.९ ग्रेडचा काळा बोल्ट आणून त्याला जस्ताचं प्लेटिंग करून घेण्याचा मोह कुणाला होत असेल तर तो आवरा. प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने इतकं कडक पोलाद ठिसूळ होतं आणि काही दिवसांनी उभ्या जागी तुटतं.

अंबडहून : रडरला, म्हणजे शेपटाच्या उभ्या सुकाणूला, मोटारसायकलची क्लच केबल लावली तर?

क्लचलाच राहू द्या. कंट्रोलसाठी ७×१९ विणीची (सात पेड, प्रत्येकात १९ तारा) ३.२ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड तारेची दोरी घ्या, ती ९०० किलोच्या वर भार घेते. टोकाला थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची कडी) आणि तांब्याची स्लीव्ह. स्लीव्ह तीनदा दाबायची: आधी मधोमध, मग थिंबलकडे, शेवटी मोकळ्या टोकाकडे. दाबलेली प्रत्येक स्लीव्ह गेजमधून काढून पाहा. बोअरवेलच्या दोरीला लावतात ते यू-क्लॅम्प इथे चालत नाहीत.

सिन्नरहून : जुनं ३५० सीसी बुलेटचं इंजिन पडून आहे. त्यावर प्रोपेलर बसवता येईल का? बसत नसेल तर स्वस्तात दुसरं काय?

इंजिन सुरू होईल, प्रोपेलर फिरेल, आवाजही भारदस्त येईल. विमान मात्र उडणार नाही, आणि चुकून उडालंच तर आणखी वाईट. हे इंजिन २० हॉर्सपॉवरच्या आसपासचं आणि त्या मानाने फार जड. रस्त्यावर ताशी ६० ने जाताना त्याच्यावर त्याच्या ताकदीचा लहानसा हिस्साच पडतो. विमानात तेच इंजिन चढताना पूर्ण आणि मग तासभर तीन-चतुर्थांश ताकदीने चालवावं लागतं. हेडचं तापमान तिथेच हाताबाहेर जातं. त्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगा साखळीची ओढ सोसायला केलेल्या असतात, प्रोपेलरची पुढची ओढ आणि वळताना येणारा पीळ सोसायला नाही. एका सिलिंडरचे धक्के प्रोपेलरच्या जडपणावर आदळून गिअरचे दात उडतात ते वेगळंच.

प्रोपेलरच्या पात्याचं टोक सेकंदाला २७० मीटरच्या आत राहिलं पाहिजे. त्यापुढे आवाज वाढतो आणि ओढ घटते. दीड मीटरचा प्रोपेलर मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरवला तर टोक सेकंदाला ४७१ मीटरने जातं, ध्वनीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून वेगवान इंजिनाला रिडक्शन, म्हणजे फेऱ्या कमी करणारी जोडणी लागते. रोटॅक्स ५०३ सारखं टू-स्ट्रोक इंजिन ६,५०० ला चालतं आणि २.५८ च्या गिअरबॉक्समधून प्रोपेलरला २,५२० फेऱ्या देतं. मग टोकाचा वेग २०० च्या खाली येतो.

कमी खर्चातला वापरून पाहिलेला दुसरा रस्ता म्हणजे आडव्या शाफ्टचं औद्योगिक व्ही-ट्विन फोर-स्ट्रोक इंजिन, जनरेटरवर असतं तसं. हे ३,६०० फेऱ्यांना चालतं. १.३ मीटरचा प्रोपेलर थेट शाफ्टवर बसवला तरी टोक २४५ वर राहतं, रिडक्शनचा खर्च आणि वजन वाचतं. गव्हर्नर (वेग बांधून ठेवणारा भाग) काढून ते ४,५०० ला पळवायला जाऊ नका. मूळ कनेक्टिंग रॉड आणि ओतीव फ्लायव्हील त्या वेगासाठी नसतात, आणि फुटलेला फ्लायव्हील तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर असतो.

ताकद किती हवी हे मात्र नाशिकच्या हवेत मोजा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी ३८ अंश असताना इथली हवा सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. घनता १४ ते १५ टक्के कमी, इंजिनाची ताकद सोळाएक टक्के कमी. ऐकायला फार नाही वाटत. पण हिशेब करा. पायलट आणि पेट्रोल धरून विमान २०७ किलो. समुद्रसपाटीला प्रोपेलरमधून हाती येतात सुमारे १०.४ किलोवॉट, विमान नुसतं तरंगत ठेवायला लागतात ६.४. उरलेल्या चारातून चढाई होते: मिनिटाला सुमारे ३९० फूट. मेमधल्या दुपारी हाती येतात ८.७, आणि विरळ हवेत वेग जास्त लागत असल्याने तरंगायलाच ७ जातात. उरले १.७. चढाई मिनिटाला १७० फुटांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. एवढ्यात पुढे विजेची लाइन आली तर काय करणार? जानेवारीत सकाळी सातला ११ अंश असतात तेव्हा हवा ६०० मीटरचीच असते, तेच विमान दुसरंच वाटतं. आमच्या मते इथे २८ हॉर्सपॉवर ही खालची मर्यादा आहे, ३५ घ्यावेत.

पिंपळगाव बसवंतहून : पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. टू-स्ट्रोक इंजिनाला ते धोक्याचं का?

तीन गोष्टी होतात. इथेनॉल पाणी ओढतं, आणि टाकीत पाणी वाढून रात्री गारठा पडला की इथेनॉल-पाणी खाली वेगळं बसतं. इंजिनाला नेमकं तेच आधी जातं, आणि त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल विरघळलेलं नसतं. दुसरं, जुने रबरी पाइप, कॉर्कचे गास्केट आणि काही रेझिनच्या फायबर टाक्या ते खातं. ॲल्युमिनियमची टाकी आणि इथेनॉलला चालणारा पाइप वापरा, आणि पाइप दर वर्षी बदला. तिसरं, कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि लीन टू-स्ट्रोक पिस्टन जाळतं. नाशिकची विरळ हवा मिश्रण थोडं रिच (इंधन जास्त) करते, म्हणून दोन्ही मिळून काय झालं ते अंदाजाने ठरवू नका. एक्झॉस्टचं आणि हेडचं तापमान दाखवणारे मीटर लावा, एक माप मोठ्या जेटने सुरुवात करा, प्लगचा रंग विटकरी येईपर्यंत उतरवत जा. पांढरट प्लग दिसला तर विमान जागेवरच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी कळतं. १०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजनळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओता, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं उभी ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि तळाचा थर दहावरून वर चढतो. थर २८ च्या जवळ आला तर २० टक्के. हे पेट्रोल अर्थातच परत टाकीत ओतायचं नाही. ऑइल ५० ला १ असेल तर २० लिटरला ४०० मिलिलिटर, आणि मिसळलेलं पेट्रोल पंधरवड्यापेक्षा जास्त ठेवू नका.

इगतपुरीहून : पंखाच्या रिब, म्हणजे आकार देणाऱ्या फासळ्या, लाकडाच्या करतोय. ७१० नंबरचा मरीन प्लाय चालेल?

त्यातला डिंक पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण आतल्या थरात पोकळ्या आणि सांधे सुटलेले असू शकतात. फर्निचरला त्याने बिघडत नाही, दीड-दोन मिलिमीटरच्या गसेटला बिघडतं. विमानासाठीच्या प्लायचं भारतीय मानक ७०९ आहे, तो शोधा. तुमच्याकडचा पाऊस पाहता जुलै-ऑगस्टमध्ये चिकटवायचं काम काढूच नका. लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत असल्याचं मीटरवर दिसलं तरच इपॉक्सी लावा. प्रत्येक वेळी कालवलेल्या इपॉक्सीतून एक नमुना जोड करा आणि दुसऱ्या दिवशी तो छिन्नीने फोडा. लाकूड फाटलं पाहिजे. डिंकाच्या रेषेवर स्वच्छ उघडला तर त्या दिवसाचे सगळे जोड बाद.

पंचवटीतून : पंखाला शर्टाचं टेरिकॉट चढवलं आणि इस्त्री केली, तर ताणलं जाईल ना?

टेरिकॉटमध्ये सूत मिसळलेलं असतं आणि कापड गिरणीतच तापवून बसवलेलं असतं, धुतल्यावर शर्ट आटू नये म्हणून. तुम्हाला तर आटणारंच हवं आहे. शुद्ध पॉलिएस्टरचं, गिरणीत न तापवलेलं विमानाचं कापड घ्या. ही खरेदी स्वस्तात उरकण्यासारखी नाही. इस्त्रीच्या डायलवर विश्वास नको. तळाला थर्मामीटर लावून खुणा करा. पहिला हात १२० अंशांवर, शेवटचा १७७ वर. १९० च्या पुढे कापड नरम पडून कायमचं ढिलं होतं. एक बाजू पुरी ताणून मग दुसरी घेतलीत तर मागची पातळ कड वाकते, दोन्ही बाजू आलटून-पालटून घ्या. डिंकावर भिस्त ठेवू नका, प्रत्येक रिबला कापड दोऱ्याने शिवा किंवा रिव्हेटने धरा, आणि प्रोपेलरच्या झोतातल्या भागात टाके जवळजवळ घ्या. ऊन पॉलिएस्टरला कुजवतं, म्हणून रंगाखाली चंदेरी, म्हणजे ॲल्युमिनियम पावडरचा हात हवा. पंखाच्या आत ६० वॉटचा दिवा धरा: उजेड बाहेर झिरपला तर आणखी एक हात.

नाशिकरोडहूनच, दुसरं पत्र : तोल कसा काढायचा? आराखड्यात गुरुत्वमध्य कॉर्डच्या २० ते ३० टक्क्यांत ठेवा इतकंच लिहिलं आहे.

कांद्याच्या व्यापाऱ्याकडचा प्लॅटफॉर्म काटा एक दिवस मागून आणा. एकच मिळाला तर एकेक चाक काट्यावर घ्या आणि बाकी चाकांखाली काट्याइतक्याच उंचीचे ठोकळे ठेवा. शेपूट उचलून विमान उडताना असतं तसं सपाट करा, सांगाड्यावर पाणसळ ठेवून पाहा. शेपूट जमिनीवर ठेवून केलेलं वजन तोलाला निरुपयोगी. शेडचं दार लावा, वाऱ्याने पंख उचलले की काटा खोटं बोलतो. मग पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा. सगळी अंतरं तिथून, मागची अधिक, पुढची उणे.

समजा पुढची दोन चाकं मिळून १०९ किलो, अंतर ०.१० मीटर. शेपटाचं चाक १२ किलो, अंतर ३.९०. गुणाकार १०.९ आणि ४६.८. पायलट ७२ किलो, ०.३५ वर: २५.२. पेट्रोल २० लिटर म्हणजे १४.४ किलो, ०.६० वर: ८.६. एकूण वजन २०७.४, गुणाकारांची बेरीज ९१.५. भागलं की ०.४४१ मीटर, कॉर्डच्या ३२.७ टक्के. मर्यादेच्या मागे! असं विमान स्टॉलमधून, म्हणजे वेग फार घटून पंखांची उचल तुटल्यावर, नाक खाली घेत नाही. हा दोष जमिनीवरच सापडायला हवा.

उपाय म्हणून नाकात शिसं भरू नका. आधी पाहा, मागे काय ठेवलंय. साडेचार किलोची बॅटरी सीटमागे ०.९० वर असेल तर ती इंजिनाच्या भिंतीपुढे उणे ०.९० वर न्या. गुणाकार ८.१ ने घटतो आणि गुरुत्वमध्य २९.८ वर येतो. शेपटाचं चाक एक किलोने हलकं मिळालं तर आणखी जवळपास दोन सेंटिमीटर पुढे. शेपटात वाढवलेला प्रत्येक ग्रॅम नाकात जवळपास तिप्पट होऊन परत मागतो, रंगसुद्धा. आता ५५ किलोचा पायलट बसवून पाहा: सीट गुरुत्वमध्याच्या पुढे आहे, त्यामुळे हलक्या माणसाने तोल मागे सरकून ३०.१ होतो. म्हणजे या विमानात किमान वजनाची पाटी लावावी लागेल. रिकाम्या टाकीचाही हिशेब करा, तो २८.७ येतो, ठीक आहे.

देवळाली कॅम्पहून : इतकं हलकं विमान, तर अमेरिकेसारखं परवान्याशिवाय उडवता येतं ना?

अमेरिकेतल्या १०३ क्रमांकाच्या नियमात एकआसनी, रिकामं वजन २५४ पौंडांच्या म्हणजे ११५ किलोच्या आत आणि पाच गॅलन पेट्रोल असलेल्या विमानाला नोंदणी आणि परवाना लागत नाही. आपलं १२१ किलोचं विमान तिथेही बसत नाही, आणि तो नियम भारताला लागू नाही. इथे नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि पायलटचा परवाना तिन्ही लागतं. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं कॅप्टन अमोल यादव यांचं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, हे डोळ्यांसमोर ठेवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मुंबई कार्यालयाशी पहिला पाइप कापण्याआधी बोला. पंखावर कापड चढलं की आतली कामं तपासता येत नाहीत, म्हणून प्रत्येक जोडाचे फोटो, सर्टिफिकेटं, बिलं तारखेनिशी फाइलला लावा.

आणि जागा. ओझरला विमानतळ आणि एचएएल, गांधीनगरला लष्कराचा हवाई तळ, तुमच्याच बाजूला तोफखान्याचा सराव. नाशिकभोवती मनाला येईल तिथून उडता येत नाही. शेतातून उडायचं स्वप्न असेल तर खाली काय आहे तेही पाहा. १०० मीटरवर इंजिन बंद पडलं तर हे विमान ६०० मीटर जाईल, आणि दिंडोरी-निफाडकडे त्या ६०० मीटरांत बहुतेक द्राक्षबागा असतात, लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांच्या. धुळे, शिरपूरला धावपट्ट्या आहेत, तिथे परवानगीची विचारणा करावी.

मालेगावहून : धावपट्टीवर फूट-दोन फूट उड्या मारत स्वतःच शिकता येईल का?

नाही. उडी म्हणजे पूर्ण ताकद, कमी वेग आणि सावरायला उंची नाही, म्हणजे सगळ्यात अवघड क्षण पुन्हा पुन्हा. आधी शेपटाला चाक असलेल्या दोनआसनी विमानात शिक्षकासोबत हात बसवा. आपल्या विमानात शेपूट उचलेपर्यंत टॅक्सी करा (जमिनीवरच चालवा), ब्रेक आणि रडर समजून घ्या. स्टॉल ताशी ५१ किलोमीटरला अपेक्षित आहे. मेमधल्या दुपारी खरा वेग ५५ असेल, पण मीटर ५१ च दाखवेल, म्हणून मीटरवरचा वेग वाढवायची गरज नाही. धावपट्टी मात्र चाळीसएक टक्के जास्त धरा.